डिटॉक्सनंतरचं वर्ष

व्यसनमुक्ती केंद्रात माणसाला दाखल करताना घरचे बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो दिवसांचा. किती दिवस ठेवणार? दहा, एकवीस, पस्तीस की नव्वद? दुसरा प्रश्न पैशांचा. दोन्हींची उत्तरं मिळाली की उसनवारी होते, कामाच्या ठिकाणी रजेचा अर्ज जातो, शेजाऱ्यांना ‘गावी गेलेत’ असं सांगितलं जातं आणि कित्येक वर्षांनी घर रात्रभर शांत झोपतं. त्या झोपेवर घरच्यांचा पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावू नये. पण दिवस मोजण्यामागे एक समजूत असते आणि ती महागात पडते. व्यसन म्हणजे शरीरात साठलेलं विष, ते आत ठेवून काढून टाकलं की आपला माणूस पूर्वीसारखा परत मिळेल, अशी ती समजूत. माझं म्हणणं असं आहे की डिटॉक्स ही उपचाराची पूर्वतयारी आहे, निवासी पुनर्वसन हा उपचाराचा एक टप्पा आहे आणि व्यसन सुटणार की नाही याचा निकाल मुख्यतः माणूस घरी परतल्यानंतरच्या वर्षभरात लागतो. आपण मात्र कुटुंबाचा पैसा, नातेवाइकांची आशा आणि सरकारचं लक्ष पहिल्या दोन टप्प्यांतच संपवून टाकतो. ब्राऊन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर ही चूक जिवावर बेतते.

डिटॉक्समध्ये नेमकं काय होतं ते आधी पाहू. दारू मेंदूचं काम मंदावते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्यावर उपाय म्हणून स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो आणि दारू मिळत असेपर्यंत हा तोल कसाबसा टिकतो. दारू अचानक बंद झाली की दाबणारं काही उरत नाही, वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, वेळ-स्थळाचं भान जातं, नसलेली माणसं आणि किडे-मुंग्या दिसू लागतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. हाड मोडलं म्हणून ऑर्थोपेडिक वॉर्डात दाखल झालेला, पिण्याविषयी डॉक्टरांना काहीच न सांगितलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी सलाइन उपसून पळू लागतो, तेव्हा तिथे बहुधा हेच घडत असतं. यावरचा उपचार डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध पुरेशा मात्रेत सुरू करायचं आणि पाच-सात दिवसांत उतरवत न्यायचं. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनातून द्यायचं आणि तेही ग्लुकोज चढवण्याच्या आधी. त्यात हयगय झाली तर मेंदूला होणारी इजा कायमची राहते, स्मृती जाते आणि ती परत येत नाही.

म्हणून ‘मनाचा निश्चय केला तर घरच्या घरी सुटते’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट देणं धोक्याचं आहे. निश्चय लागतोच, पण फिट निश्चयाने थांबत नाही. या वाक्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येकाला खाट लागत नाही. ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला आहे, ज्याचं यकृत किंवा हृदय बिघडलं आहे, जो सोबत झोपेच्या गोळ्याही खातो, ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, जिच्या पोटात बाळ आहे, ज्याच्याजवळ रात्री बसायला कुणी नाही, अशांनी दाखल व्हायलाच हवं. बाकीच्यांपैकी अनेकांचं डिटॉक्स ओपीडीत होऊ शकतं. रोज डॉक्टरांना भेटायचं, नाडी, रक्तदाब आणि हातांचा कंप दाखवायचा, औषधं घरातल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवायची. हा फरक केला जात नाही तेव्हा दोन्हीकडून नुकसान होतं. ज्याला फिट येणार आहे तो एखाद्या खोलीत डॉक्टरांविना पडून राहतो, आणि ज्याचं काम सात दिवसांच्या गोळ्यांत भागलं असतं त्याच्या बायकोचं मंगळसूत्र नव्वद दिवसांच्या फीपोटी गहाण पडतं.

ब्राऊन शुगरचं गणित उलटं आहे. ओढणाऱ्यांच्या भाषेत ‘टर्की’ लागते तेव्हा अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब होतात, पायांत गोळे येतात, क्षणभर स्वस्थ बसवत नाही. दोन-तीन दिवसांत हे टिपेला पोहोचतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात ओसरतं. यातना भयंकर असतात, पण एरवी धडधाकट माणूस टर्कीने सहसा मरत नाही. मरणाचा धोका टर्की संपल्यावर वाढतो. रोजच्या सेवनाने शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. डिटॉक्समध्ये ती सवय जाते. केंद्रातून बाहेर पडलेला मुलगा महिन्याभराने जुन्या मित्रांना भेटतो आणि जुन्याच मात्रेने घेतो. तीच मात्रा आता त्याचा श्वास थांबवायला पुरते. ही नुसती शंका नाही. लंडनमध्ये अफूजन्य पदार्थांच्या डिटॉक्ससाठी दाखल झालेल्या १३७ जणांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या तिघांचा मृत्यू उपचारानंतर चार महिन्यांच्या आत जास्त मात्रेने झाला आणि तिघेही कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण केलेल्यांपैकी होते. मधेच सोडून गेलेल्यांपैकी, म्हणजे ज्यांची सवय टिकून होती त्यांच्यापैकी कुणीही नव्हतं. संख्या लहान आहे, एवढ्यावर कुणी मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य. पण त्याच वर्षी स्वीडनमधला एक प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये आला. हेरॉइनवर अवलंबून असलेल्या ४० जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मिळालं. दुसऱ्याला तेच औषध सहा दिवसांत उतरवत बंद करून पुढे नुसत्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. समुपदेशन, गटचर्चा, आठवड्याच्या भेटी दोघांनाही सारख्याच. वर्षाअखेर औषध चालू असलेल्या गटातले ७५ टक्के लोक उपचारात टिकून होते. डिटॉक्सवर थांबवलेल्या गटातला एकही टिकला नाही, आणि त्यांतले चौघं मरण पावले. पुढे २०२० साली अमेरिकेतल्या ४०,८८५ प्रौढांच्या नोंदींतूनही हेच दिसलं. जास्त मात्रेचे प्रसंग कमी होण्याशी ज्या उपचारांचा स्पष्ट संबंध आढळला ते ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन हेच होते. निवासी डिटॉक्सच्या बाबतीत तो आढळला नाही. अशा रुग्णाला नुसतं ‘स्वच्छ’ करून, पुढची काहीच सोय न लावता घरी पाठवणं ही माझ्या मते अर्धवट मदत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. त्याला आधी होता त्यापेक्षा मोठ्या धोक्यात ढकलणं आहे.

शरीर स्वच्छ झाल्यावरही माणूस परत का वळतो, याचं उत्तर त्याच्या चारित्र्यात शोधायची आपल्याला घाई असते. मेंदूने वर्षानुवर्षं एक धडा गिरवलेला असतो. पगाराची तारीख, संध्याकाळी सुटलेली पाळी, नाक्यावरचा अमुक बार, भावाशी झालेलं भांडण, गटारी, वरातीतला बेंजो, यांतल्या प्रत्येकाला पिण्याची जोड लागलेली असते. औषधाने विष उतरतं, या जोडण्या उतरत नाहीत. त्यातच दारू सुटल्यावर कित्येक आठवडे झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, कशातच गोडी वाटत नाही. या काळात जुनी खूण समोर आली की हात आपसूक तिकडे जातो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी व्हिएतनाममधून १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं. सगळ्यांना थक्क करणारा हा आकडा. त्यामागची कारणं अनेक असतील, पण एक उघड आहे. त्यांचं व्यसन एका जगात जडलं आणि ते सुटून माणूस परतला तो दुसऱ्याच जगात, जिथे व्यसनाच्या खुणा नव्हत्या. आपल्या केंद्रांत नेमकं उलट होतं. व्यसन घरी, गल्लीत, कामावर जडतं, ते सोडवलं जातं एका अनोळखी, बंदिस्त, सुरक्षित जागी, आणि मग माणसाला परत त्याच गल्लीत नेऊन सोडलं जातं. आतली शांतता पाहून ‘आता हा सुधारला’ असं ठरवणं घाईचं आहे, कारण आत त्याची परीक्षाच झालेली नसते.

मग निवासी पुनर्वसनाचा उपयोग नाही का? आहे, आणि महाराष्ट्राने तो जवळून पाहिला आहे. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. पुण्यात ऑगस्ट १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. अवचटांच्या गर्दवरच्या, म्हणजे ब्राऊन शुगरवरच्या लेखांनी अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या अनिताताईंचा वैद्यकीय अनुभवही. अशा ठिकाणी पहिले काही दिवस शरीर सावरण्यात जातात. पुढच्या आठवड्यांत माणूस वेळेवर उठतो, जेवतो, काम करतो, गटात बसून आपण काय केलं ते मोठ्याने सांगतो आणि दुसऱ्याचं ऐकताना त्याला पहिल्यांदाच जाणवतं की आपली गोष्ट जगावेगळी नाही. समोर बसलेला समुपदेशक स्वतः कधीकाळी त्याच खाटेवर होता, ही गोष्ट तर कुठल्याही पुस्तकी व्याख्यानापेक्षा जास्त परिणाम करते. पत्नीला, आईला, मुलांना वेगळं बोलावून त्यांच्याशीही बोललं जातं. या साऱ्याला मोल आहे. मुक्तांगणचा ज्यांनी नीट अभ्यास केला त्यांना हेही ठाऊक आहे की तिथला भर माणूस बाहेर पडल्यानंतरच्या पाठपुराव्यावर पहिल्यापासून आहे. त्याची नक्कल करणाऱ्या अनेक ठिकाणांनी मात्र प्रार्थना, व्यायाम आणि कुलूप उचललं आणि पाठपुरावा सोडून दिला.

इथे माझ्या म्हणण्यावरचा एक जड आक्षेप घ्यायला हवा, कारण तो दोन्ही बाजूंनी येतो. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दारूच्या आहारी गेलेल्या १०० विवाहित पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल १९७७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना कित्येक महिन्यांचा सर्व सोयींसह उपचार, गरज पडल्यास दाखल करून घेण्यासकट. उरलेल्या अर्ध्यांना पत्नीसह एकदाच बोलावून स्पष्ट सल्ला. वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. यावरून कुणी म्हणेल, उपचारच निरर्थक आहेत. दुसरा म्हणेल, हे लोक फार आजारीच नव्हते. माझं वाचन असं की या प्रयोगातल्या माणसांना घर होतं, पत्नी सोबत आली होती, ठरवलेल्या दिवशी ते दवाखान्यात पोहोचले होते. अशा माणसाला आधार देणाऱ्या गोष्टी त्याच्या घरातच असतात, आणि महागडी निवासी सेवा त्यात फारशी भर घालत नाही. खाट कुणासाठी राखून ठेवायची, याचं उत्तर या प्रयोगातून मिळतं. ज्याला परतायला सुरक्षित घर नाही, जो बाहेर राहून तीनदा प्रयत्न करून थकला, ज्याला गंभीर नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार आहे, ज्या स्त्रीचा नवराच तिला पाजतो, त्यांच्यासाठी. स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम केला. त्यांच्यासाठीच्या निवासी जागा राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पिणारी बाई उपचाराला आली तर तिच्या आजाराआधी तिच्या अब्रूची चर्चा होते. तिला गरज सर्वांत आधी असते आणि दार सर्वांत उशिरा उघडतं.

‘बाहेर सोडलं की पितोच, मग सहा महिने आतच ठेवा’ ही मागणी थकलेल्या घरांतून येते. तिच्यामागची हतबलता मी हलकी मानत नाही. मार खाल्लेल्या बायकोला, कर्जात बुडालेल्या बापाला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण कैदेची मुदत वाढवल्याने मेंदूतल्या पिण्याच्या त्या जोडण्या सुटतात, असा पुरावा नाही. या मागणीतून उभा राहिलेला धंदाही डोळ्यांआड करता येत नाही. रात्री गाडी पाठवून माणसाला घरातून उचलून नेणारी केंद्रं आहेत. देशात अनेक ठिकाणी अशा केंद्रांतल्या मारहाणीची आणि मृत्यूंची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली आहेत. मे २०१८पासून लागू असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो. म्हणजे असा उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी हवी. इच्छा नसलेल्या माणसाला दाखल करायचं तर निर्णय घेण्याची त्याची क्षमता किंवा जिवाचा धोका पाहिला पाहिजे, एका मनोविकारतज्ज्ञासह दोन व्यावसायिकांनी त्याची स्वतंत्र तपासणी केली पाहिजे, आणि तीही मुदत सुरुवातीला ३० दिवसांपुरती. पुढे न्यायचं तर पुन्हा तपासणी, पुन्हा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं. साखळीने बांधण्यावर सरळ बंदी आहे. नातेवाइकांनी केंद्राच्या बागेचे फोटो पाहण्याआधी नोंदणीचा कागद मागावा, रात्री अडीच वाजता फिट आली तर डॉक्टर कोण येईल ते विचारावं, दिलेल्या औषधांची नावं लेखी घ्यावीत, रुग्णाला एकट्याने भेटू द्याल का ते विचारावं. यांपैकी एकाही प्रश्नावर चिडचिड झाली तर तिथून निघावं.

औषधांविषयीचा आक्षेप अधिक खोलवर रुजलेला आहे: एका गोळीच्या जागी दुसरी गोळी, ही कसली मुक्ती? काही केंद्रचालकही हे अभिमानाने सांगतात. ब्युप्रेनॉर्फिन घेणारा माणूस नशेत तर्र नसतो. त्याला टर्की लागत नाही, तो सकाळी गोळी घेऊन कामाला जातो, चोरी करत नाही, सुई वाटून घेत नाही. स्वीडनमधले ते चौघं मुक्तीच्या शुद्ध कल्पनेप्रमाणे औषधाविना होते. दारूच्या बाबतीतही नालट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट यांचा परिणाम अनेक चाचण्यांत दिसला आहे. तो माफक आहे, पण खरा आहे. मुंबईत अ‍ॅलन आणि अविनाश डिसूझा यांनी १०० पुरुषांवर केलेल्या अभ्यासाकडे तर आपण अधिक आपुलकीने पाहायला हवं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के वर्षभराने दारूपासून दूर होते, नालट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. हे आकडे सगळीकडे लागू होतील असं समजू नये, कारण निवडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरात औषध हातावर ठेवणारं आणि गिळेपर्यंत समोर थांबणारं माणूस होतं. मला तर त्या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गोळीइतकंच ते समोर थांबणारं माणूस मोलाचं होतं, आणि ते वर्षभर थांबलं. याच डायसल्फिरामचा दुसरा, घातक वापरही आपल्याकडे चालतो. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून चहात, भाजीत पूड मिसळली जाते. या औषधावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो, क्वचित माणूस जातोही. शिवाय ज्या बायकोवर त्याने विश्वास ठेवून बरं व्हायचं, तिच्याच हातचं जेवण त्याला संशयास्पद होतं.

पुन्हा पिणं सुरू होणं याला केंद्रांच्या भाषेत ‘स्लिप’ म्हणतात, आणि घरच्यांच्या भाषेत ‘पैसे पाण्यात गेले’. मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात दाखवून दिलं की व्यसनावरच्या उपचारांनंतर परत वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, आणि उच्च रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण याहून कमी नाही. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण आजोबांना नालायक म्हणत नाही, डोस तपासून घेतो. व्यसनी माणूस इतरांना जी इजा करतो ती रक्तदाबाचा रुग्ण करत नाही, हा फरक खरा आहे आणि घरच्यांच्या संतापाला त्यातून आधार मिळतो. संताप असावा. पण उपचाराची आखणी संतापावर करता येत नाही. पहिल्या घोटानंतर चोवीस तासांत कुणाला तरी फोन करता आला, तर ती घसरण तिथेच थांबू शकते. लाजेने तीन आठवडे तोंड लपवलं, तर पुन्हा डिटॉक्सची वेळ येते, आणि वारंवार सोडणं-धरणं झालं की पुढच्या वेळची फिट अधिक तीव्र असण्याची शक्यता वाढते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा इथेच उपयोगी पडतात. २०२० साली कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा या सभांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. सभेला फी नाही, डिस्चार्ज नाही, आणि ती आठवड्याच्या ठरलेल्या वारी शाळेच्या किंवा चर्चच्या एखाद्या खोलीत पुढची वीस वर्षं भरत राहते.

शेवटचा आक्षेप टंचाईचा, आणि तो सरकारी बैठकांत हमखास येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतो तो १८०मध्ये एकाला. मग आधी खाटा वाढवू, पाठपुराव्याचं नंतर बघू, असं म्हटलं जातं. मला हाच आकडा उलट दिशा दाखवताना दिसतो. देशात अंदाजे २ कोटी ९० लाख लोक दारूवर अवलंबून आहेत. एवढ्या खाटा कुठलंही राज्य उभारू शकणार नाही. जे उभारता येईल ते गोव्यात करून पाहिलं गेलं आहे. ‘संगत’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी या गटातले ४२ टक्के पुरुष दारूपासून दूर होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हेच प्रमाण १८ टक्के होतं. वर्षभराने पाहिलं तरी फरक टिकून होता. हे पुरुष पूर्णपणे दारूवर अवलंबून झालेले नव्हते, त्याआधीच्या पायरीवर होते, तेव्हा हाच उपाय सगळ्यांना पुरेल असा दावा कुणी करू नये. पण गावच्या आरोग्य केंद्रात ओळखीचा माणूस पंधरा दिवसांनी भेटून बोलू शकतो, एवढं यातून सिद्ध होतं, आणि डिटॉक्स होऊन आलेल्यालाही नेमकं तेच हवं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने सरकारसोबत २०१६पासून चालवलेल्या ‘मुक्तिपथ’मध्ये तालुक्याच्या ठिकाणची क्लिनिकं आणि गावातली शिबिरं याच विचाराने चालतात.

पैशांचं काय, असं कुणी विचारेल. महाराष्ट्राच्या तिजोरीत उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम येते. तिचा लहानसा हिस्सा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवसाची पाठपुरावा ओपीडी, दोन प्रशिक्षित समुपदेशक आणि औषधांचा अखंड पुरवठा यांना पुरेल. ब्युप्रेनॉर्फिनसाठी आज ठरावीक केंद्रांपर्यंत यावं लागतं. रोज मजुरीला जाणाऱ्याला हे अंतरच उपचार सोडायला लावतं. पंजाबने २०१७मध्ये बाह्यरुग्ण पातळीवर हे औषध देणारी क्लिनिकं सुरू केली, त्यातल्या चुका-दुरुस्त्यांसकट ते इथल्या शहरांत आणता येईल. विम्याचीही गाठ सोडवावी लागेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, आणि व्यसनाशी निगडित अवस्था त्या व्याख्येत येतात. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत मात्र दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचे उपचार वगळण्याची मुभा आहे. संसदेने एका हाताने दिलेलं नियामकाच्या यादीने काढून घेतलं जातं, आणि कुटुंब पुन्हा सावकाराकडे जातं. अनुदान देताना सरकार आज केंद्राला विचारतं की वर्षात किती जण दाखल झाले, किती खाटा भरल्या. त्याऐवजी दाखल झालेल्यांपैकी किती जण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात संपर्कात होते, कितींचं औषध चालू होतं, किती जण घसरून परत आले आणि त्यांना परत घेतलं गेलं का, एवढी चार उत्तरं मागावीत, ती जाहीर करावीत आणि पुढच्या वर्षाचं अनुदान त्यावर ठरवावं.